विनोबा भावे

विनायक नरहरी भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (११ सप्टेंबर, १८९५ – १५ नोव्हेंबर, १९८२) हे भूदान चळवळीचे प्रणेते होते. त्यांचा जन्म कोकणातील गागोदे (तत्कालीन कुलाबा, आताचा रायगड जिल्हा) येथे झाला. १९१६ साली ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथून त्यांनी भूदानास आरंभ केला.

चंबळमधील शस्त्रसमर्पण

डाकू मानसिंह याचा मुलगा तहसीलदारसिंह याने फाशीच्या छायेत असताना नैनी तुरुंगातून विनोबांना पत्र लिहिले. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथसिंह यांना त्याच्या भेटीस पाठवले. पुढे यदुनाथसिंहांनी चंबळच्या घळींत जाऊन टोळ्यांशी बोलणी केली. मे १९६० मध्ये पदयात्रा भिंड-मुरैना परिसरात आली, तेव्हा लोकमन ऊर्फ लुक्का याच्यासह सुमारे वीस डाकूंनी विनोबांपुढे बंदुका ठेवल्या.

विनोबांनी कोणालाही माफीचे आश्वासन दिले नव्हते. छळ होणार नाही व न्याय मिळेल, एवढीच हमी होती. त्यामुळे शरण आलेल्यांना खटल्यांस सामोरे जावे लागले. डाकूंचे उदात्तीकरण होऊन पोलिसांचे मनोधैर्य खचते, अशी टीका मध्य प्रदेशचे तत्कालीन पोलीसप्रमुख के. एफ. रुस्तमजी यांनी केली. तरीही हाच मार्ग पुढे चालू राहिला : १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांतून चंबळमधील शेकडो डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली.

विनोबांचे निधन पवनार येथील आश्रमात झाले. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न प्रदान करण्यात आले.