डॉ. जेरोम लेज्यून : न जन्मलेल्या रुग्णांचे डॉक्टर



गरोदरपणाच्या अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी होते. 'डबल मार्कर' हा शब्द आता आपल्या माताभगिनींना नवा राहिलेला नाही. रिपोर्टवर एक आकडा येतो, डॉक्टर पुढची तपासणी सुचवतात आणि घरातली बोलणी एकदम थांबतात. सासूबाई एक सांगतात, माहेरची माणसे दुसरे सांगतात, आणि जिच्या पोटात बाळ आहे ती गप्प बसून असते. अशी जोडपी धर्मगुरूंच्या दारीही येतात. त्यांना उत्तर देताना मला नेहमी एका फ्रेंच डॉक्टरांची आठवण येते. या साऱ्या तपासण्या ज्या शोधावर उभ्या आहेत, त्या शोधाशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. आपल्या शोधाचे पुढे काय झाले हे पाहणेही त्यांच्याच वाट्याला आले.

जेरोम लेज्यून यांचा जन्म १३ जून १९२६ रोजी पॅरिसला लागून असलेल्या मोंतरूज या गावी झाला. कुटुंब कॅथलिक. शाळकरी वयात बाल्झाक यांची खेड्यातल्या डॉक्टरवरची कादंबरी त्यांच्या हाती पडली आणि आपणही गोरगरिबांचे गावठी डॉक्टर व्हायचे असे त्यांच्या मनाने घेतले. ते काही झाले नाही. शिक्षण संपता संपता, १९५१ साली, रेमों तुर्पां या बालरोगतज्ज्ञांनी त्यांना आपल्यासोबत कामाला बोलावले. पुढच्या वर्षी त्यांनी बिर्थ या डॅनिश तरुणीशी विवाह केला. त्यांना पाच मुले झाली. बिर्थबाईंनी हा संसार आणि पतीच्या पश्चात त्यांचे कार्य दोन्ही सांभाळले. त्यांचे निधन २०२० साली झाले.

तुर्पां यांनी या तरुण डॉक्टरांकडे जी मुले सोपवली, त्यांना त्या काळी 'मंगोल' म्हणत. इंग्लंडमधले डॉ. लँगडन डाउन यांनी १८६६ मध्ये या मुलांचे वर्णन केले होते. चपटा चेहरा, तिरके डोळे, सैल स्नायू, मंद बुद्धी. पण कारण कुणालाच ठाऊक नव्हते, आणि जिथे कारण ठाऊक नसते तिथे दोष आईच्या माथी येतो. आईबापांना गुप्तरोग असेल, दारूचे व्यसन असेल, घराण्यात काहीतरी खोट असेल, अशी कुजबुज चाले. कित्येक कुटुंबे अशा मुलाला लपवून ठेवत. आपल्याकडे ग्रहण पाळले नाही म्हणून गरोदर बाईला बोल लावतात, त्यातलाच हा प्रकार. योहानाच्या शुभवर्तमानातल्या जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभूला पाप कुणाचे असे विचारले होते. ते विचारणे दोन हजार वर्षांत फारसे बदललेले नाही.

लेज्यून यांनी सुरुवात केली ती मुलांच्या तळहातांपासून. यातल्या अनेक मुलांच्या तळहातावर दोन रेषांऐवजी एकच आडवी रेघ असते. तळहाताच्या रेषा बाळ पोटात असताना, पहिल्या काही महिन्यांतच उमटतात. म्हणजे जे काही घडले ते त्याच्याही आधी घडलेले असणार. १९५६ साली स्वीडनमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की माणसाच्या पेशीत ४८ नव्हे, ४६ गुणसूत्रे असतात. आता मोजता येणार होते.

इथे एका बाईंचे नाव घेतलेच पाहिजे. डॉ. मार्थ गोतिए अमेरिकेत राहून पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून आल्या होत्या. पॅरिसच्या त्रूसो इस्पितळात त्यांनी जवळजवळ रिकाम्या हातांनी प्रयोगशाळा उभी केली. काचसामानासाठी पदरचे पैसे घातले, पेशींना लागणाऱ्या द्रवासाठी स्वतःचे रक्त काढले. त्यांच्या काचपट्ट्यांवर एक गुणसूत्र जास्त दिसू लागले. फोटो काढण्याजोगा सूक्ष्मदर्शक तिथे नव्हता, म्हणून लेज्यून त्या काचपट्ट्या दुसरीकडे घेऊन गेले. २६ जानेवारी १९५९ रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे जो निबंध आला त्यावर पहिले नाव लेज्यून यांचे होते, दुसरे गोतिए यांचे, तेही चुकीचे छापलेले, आणि तिसरे तुर्पां यांचे. पन्नास वर्षांनी गोतिए यांनी आपली बाजू लिहून मांडली. २०१४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने त्यांच्या कामाला न्याय मिळावा असे मत दिले, आणि लेज्यून यांचा वाटा सर्वांत मोठा असण्याची शक्यता कमी आहे असेही म्हटले. लेज्यून यांच्या नावाच्या प्रतिष्ठानला हे मान्य नाही. गोतिए २०२२ साली वारल्या. लेज्यून यांना संत मानू पाहणाऱ्यांनी ही हकीकत झाकून ठेवू नये असे मला वाटते. त्यांचे मोठेपण पहिला कोण यावर अवलंबून नाही, ते त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत आहे.

शोध असा होता : या मुलांच्या पेशीत एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे दोन नसून तीन असतात, एकूण ४७. बहुतेक वेळा बीजपेशी तयार होताना झालेली ही एक चूक. त्यात कुणाचे पाप नाही, कुणाचे व्यसन नाही. आईबापांच्या मानेवरचे किती मोठे जोखड यामुळे उतरले असेल! १९६२ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते लेज्यून यांना केनेडी प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. अध्यक्षांची एक सख्खी बहीण मतिमंद होती. पुढच्याच वर्षी लेज्यून आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या पिलासारखे रडणाऱ्या बाळांच्या आजाराचे कारण शोधले : पाचव्या गुणसूत्राचा तुटलेला तुकडा. १९६४ मध्ये ते पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठात आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले. कारण सापडले, आता औषध सापडेल, असे त्यांना मनापासून वाटत होते.

औषधाआधी दुसरेच काही आले. १९६६ च्या सुमारास गर्भाभोवतीचे पाणी सुईने काढून त्यातल्या पेशींची गुणसूत्रे तपासता येऊ लागली. रोगाचे निदान झाले, उपाय नाही. मग रोगीच येऊ देऊ नये, असा विचार डॉक्टरांमध्ये बळावू लागला. ज्या फोटोवर लेज्यून यांनी मुलांच्या आईला निर्दोष ठरवले होते, त्याच फोटोवर आता मुलाचा निकाल लागणार होता.

ऑक्टोबर १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अमेरिकेच्या मानवी आनुवंशिकी संस्थेने त्यांना विल्यम ॲलन पुरस्कार दिला. त्या क्षेत्रातला हा सर्वोच्च मान. सत्काराला उत्तर देताना त्यांनी आभार मानून खाली बसायला हवे होते. त्यांनी सहव्यावसायिकांना तोंडावर सांगितले की आपण डॉक्टर आहोत, आणि दुबळ्या गर्भाचा जीव घेणे हे वैद्यकाचे काम नव्हे. सभागृह थंड पडले. त्याच दिवशी आपले नोबेल गेले असे त्यांनी पत्नीला कळवले, असे त्यांचे कुटुंबीय सांगतात. ते मिळालेच असते असे कोण म्हणणार? पण मान, निमंत्रणे आणि संशोधनाचा पैसा यांचा ओघ तिथून आटू लागला, हे मात्र खरे.

१९७० साली फ्रान्सच्या संसदेत असाध्य व्यंग असलेल्या गर्भाच्या पाडावाला परवानगी देणारे विधेयक आले. त्यावर दूरदर्शनवर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी डाउन सिंड्रोम असलेला दहा वर्षांचा एक मुलगा त्यांच्या दवाखान्यात रडत आला. त्याने आईवडिलांसोबत ती चर्चा पाहिली होती. आपल्यासारख्यांना मारायचे ठरते आहे, पोटातल्या बाळांना स्वतःसाठी बोलता येत नाही, तेव्हा प्रोफेसरांनी आम्हाला वाचवावे, अशी त्याची विनवणी होती. हा प्रसंग लेज्यून यांच्या कन्येने लिहून ठेवला आहे. त्या दिवसापासून ते उघडपणे सभांमध्ये बोलू लागले. सभा उधळल्या गेल्या, विद्यापीठाच्या भिंतींवर त्यांच्याविरुद्ध घोषणा रंगल्या. ते विधेयक बारगळले, पण १७ जानेवारी १९७५ च्या कायद्याने गर्भपाताला वाट दिली, आणि बाळाला गंभीर, असाध्य व्याधी असण्याची दाट शक्यता असेल तर मुदतीची अटही ठेवली नाही. आपल्या देशातही १९७१ च्या कायद्यात गंभीर व्यंगाचे कारण पहिल्यापासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळाने तसे निदान केल्यास आठवड्यांची मर्यादा राहत नाही.

लेज्यून यांचे म्हणणे काय होते, हे नीट समजून घेऊ. ते सभांमध्ये धर्मग्रंथ उघडून बसत नसत. शुक्रजंतू आणि बीजांड एक झाले की त्या माणसाला लागणारी सगळी माहिती त्या एका पेशीत आलेली असते, पुढे बाहेरून मिळते ते पोषण आणि आसरा, असे ते जीवशास्त्राच्या भाषेत मांडत. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेला माणूस म्हणून मी इथे एक भर घालतो. गर्भ हा माणूसकुळातला जीव आहे, इतके सूक्ष्मदर्शक दाखवतो. त्याला मारू नये हे कोणत्याही काचपट्टीवर दिसत नाही. ती दुसरी पायरी आपल्यालाच चढावी लागते, आणि ती चढताना व्यंगाचा विचार आड येतो. विरोधक नेमके इथेच बोट ठेवतात : बाळाला पुढे हाल सोसावे लागतील, म्हणून हे करुणेपोटीच करतो. म्हणणे खोटेपणाचे नसते. कित्येक आईबाप खरोखरच त्या भीतीने पिचलेले असतात. पण देवीची लस टोचली तेव्हा देवीचा रोग गेला आणि मूल उरले. इथे ते तिसरे गुणसूत्र मुलाच्या पेशीपेशींत विणलेले असते. त्याला टाळायचे तर मुलालाच टाळावे लागते. मूल जाते, रोग होता तिथेच राहतो, आणि पुढच्या घरी पुन्हा येतो. लेज्यून रोगाचे वैरी होते, रोग्याचे नव्हते. एवढा साधा फरक त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

आणि ते नुसते बोलून थांबले नाहीत. पॅरिसच्या नेकेर या बाल इस्पितळात त्यांच्याकडे जगभरातून हजारो मुले आली. त्यांना ते नावाने ओळखत. आईबापांना वेळ देत, मूल काय शिकू शकेल ते सांगत. गर्भपात पाप आहे असे वेदीवरून सांगणे आम्हा धर्मगुरूंना सोपे जाते. ते मूल जन्माला आल्यावर त्या घराची पायरी वर्षानुवर्षे चढणारे आपल्यात किती? रिपोर्ट घेऊन येणाऱ्या जोडप्याला मी आधी इतकेच सांगतो की डबल मार्करचा आकडा ही शक्यता आहे, निदान नव्हे. आणि बाईची स्वतःची संमती असल्याशिवाय डॉक्टर, नवरा किंवा सासर यांपैकी कुणीही तिचा गर्भ पाडून घेऊ शकत नाही, कायद्यानेही नाही. पुष्कळ बायकांना हे कुणी सांगितलेलेच नसते.

पोप जॉन पॉल दुसरे यांचा त्यांच्यावर फार लोभ होता. १३ मे १९८१ रोजी पोप महोदयांनी लेज्यून पतिपत्नीला आपल्यासोबत जेवायला बसवले होते; त्याच सायंकाळी संत पेत्राच्या चौकात पोपांवर गोळ्या झाडल्या गेल्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये जीवनरक्षणासाठी स्थापन केलेल्या परमधर्मपीठीय अकादमीचे पहिले अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाने ते अंथरुणाला खिळलेले होते. औषध सापडले नव्हते. फॉलिक ॲसिडवर त्यांनी बांधलेल्या आशांना यश आले नव्हते. ज्यांना बरे करायचे होते त्यांना बरे न करताच सोडून चाललो, ही खंत त्यांनी शेवटच्या दिवसांत बोलून दाखवली. ३ एप्रिल १९९४, पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी, ते देवाघरी गेले. नोत्र दाममधल्या अंत्यविधीच्या वेळी डाउन सिंड्रोम असलेला एक तरुण पुढे आला. आपल्या आईवडिलांसाठी प्रोफेसरांनी जे केले त्याबद्दल त्याने माईकवरून त्यांचे आभार मानले. १९९७ साली जागतिक युवा दिनासाठी पॅरिसला आलेले पोप महोदय वाट वाकडी करून शालो-सां-मार्स या खेड्यातल्या त्यांच्या कबरीवर प्रार्थनेसाठी गेले. २१ जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'वंदनीय' घोषित करण्यास संमती दिली.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये ते तिसरे गुणसूत्र गप्प करून दाखवले. पेशींमध्येच, अजून माणसात नाही. दरम्यान हृदयाच्या शस्त्रक्रिया सुधारल्या आणि जी मुले १९८० च्या दशकात सरासरी पंचवीस वर्षे जगत, ती आता प्रगत देशांत साठीपर्यंत पोहोचतात. त्यामुळे डॉक्टरांपुढे नवा प्रश्न आला आहे : एकविसाव्या गुणसूत्रामुळेच त्यांना स्मृतिभ्रंश लवकर गाठतो. आणि घरच्यांपुढे जुनाच प्रश्न नव्याने उभा आहे. आईबाप आधी जातात, आणि पन्नाशीचा मुलगा मागे राहतो.