बाटलीवरचं नाव आणि भट्टीवरचा गुरू

काळं लेबल, चौकोनी बाटली, पांढरी अक्षरं. आयुष्यात दारूला हात न लावलेल्यांनीसुद्धा हे नाव टी-शर्टवर नाहीतर कॅफेच्या भिंतीवर वाचलेलं असतं. जॅक डॅनियल. हा ब्रँड तुम्हाला माहितीये. पण या नावाचा एक खराखुरा माणूस होता, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, हे माहितीये का?

त्याचं पाळण्यातलं नाव जॅस्पर न्यूटन डॅनियल. जन्म १८५० च्या आसपासचा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, लिंचबर्ग गावाजवळ. घरात भावंडांची रांग आणि आईच्या मुलांत हा शेंडेफळ. आई तान्हेपणीच गेली. पुढे यादवी युद्धाच्या धामधुमीत वडीलही गेले. पोरवयातच जॅक घर सोडून डॅन कॉल नावाच्या माणसाकडे कामाला राहिला. हा कॉल मोठा गमतीशीर. चर्चमध्ये प्रवचन द्यायचा, दुकान चालवायचा आणि शेतात व्हिस्कीची भट्टीही लावायचा!

पोराला भट्टीचं भारी कुतूहल. तेव्हा कॉलने त्याला एका माणसाच्या हाताखाली दिलं. त्याचं नाव नेथन ग्रीन, सगळे त्याला निअरेस्ट म्हणायचे. पंचक्रोशीत त्याच्यासारखी व्हिस्की गाळणारा दुसरा नव्हता. पण निअरेस्ट कृष्णवर्णीय होता आणि गुलाम होता. कसब त्याचं, कमाई मात्र दुसऱ्याच्या खिशात.

जॅक काय शिकला, ते जरा समजून घ्या, म्हणजे ‘बर्बन’ हा शब्दही उलगडेल. बर्बन म्हणजे अमेरिकेत बनलेली अशी व्हिस्की, जिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका असतो आणि जी आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरते. मक्याचा गोडवा, जळक्या लाकडातून आलेली व्हॅनिला आणि कॅरॅमलची चव, ही तिची ओळख. उरलेल्या धान्यात राय जास्त असेल तर चव मसालेदार, तिखटसर लागते. रायऐवजी गहू घातला की ती मऊ होते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही, म्हणून ही पिंपं थेट स्कॉटलंडला जातात आणि त्यांत स्कॉच मुरते.

मग जॅक डॅनियल्स बर्बन आहे का? या प्रश्नावर आजही तावातावाने भांडणं होतात. तिच्यात ८० टक्के मका आहे, पिंपही कोरंच. पण पिंपात भरण्याआधी ती शुगर मेपलच्या कोळशाच्या सुमारे दहा फुटी थरातून थेंब थेंब झिरपवली जाते. त्याने तिचा करकरीतपणा कमी होतो. या एका पायरीमुळे ती स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवते. आणि कोळशाची ही रीत जॅकला शिकवली ती निअरेस्टने. पाणी कोळशातून गाळायची पश्चिम आफ्रिकेतली जुनी पद्धत या रीतीमागे असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं.

(आपल्या महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, हं! गोष्ट वाचायला मात्र वयाची अट नाही.)

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. इकडे चर्चवाल्यांना कॉलचा दारूधंदा खटकत होता. शेवटी भट्टीचा कारभार जॅककडे आला. कंपनी आपलं स्थापनावर्ष १८६६ सांगते. जॅकने मुख्य डिस्टिलर म्हणून कोणाला घेतलं? आपल्या गुरूलाच. पुढे निअरेस्टची मुलंही तिथे कामाला लागली. जॅकने स्वतः कधी गुलाम बाळगला नाही. एका जुन्या फोटोत हॅट घातलेला जॅक आपल्या कामगारांसोबत बसलाय आणि त्याच्या अगदी शेजारी एक कृष्णवर्णीय माणूस आहे. तो बहुधा निअरेस्टचा मुलगा जॉर्ज. त्या काळात असं शेजारी बसवणं साधी गोष्ट नव्हती.

जॅकने चौकोनी बाटली आणली, १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलं. लग्न केलं नाही. १९०७ मध्ये कारभार भाच्याच्या, लेम मोटलोच्या हाती दिला. १९१० मध्ये टेनेसीत दारू बनवायलाच बंदी आली आणि १९११ मध्ये जॅक गेला. तिजोरी उघडेना म्हणून रागाने लाथ मारली, अंगठ्याला जखम झाली, त्यातूनच मरण आलं, अशी आख्यायिका आहे. ती कितपत खरी, यावर चरित्रकारच शंका घेतात. पण लिंचबर्गला जाणाऱ्या पर्यटकांना वर्षानुवर्षं ती रंगवून सांगितली गेली.

आता गंमत बघा. लाथेची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली आणि गुरूचं नाव मात्र मागे पडलं. स्थानिक लोक आणि ग्रीन कुटुंब यांना ते ठाऊक होतं, १९६७ मध्ये आलेल्या जॅकच्या चरित्रातही होतं. जगाला मात्र ते कळलं २०१६ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका लेखामुळे. मग फॉन वीव्हर या लेखिकेने कागदपत्रं धुंडाळली, निअरेस्टच्या वंशजांना गाठलं आणि त्याच्या नावाने व्हिस्कीच बाजारात आणली. २०१७ मध्ये जॅक डॅनियल्स कंपनीनेही निअरेस्ट ग्रीन हाच आपला पहिला मुख्य डिस्टिलर, असं अधिकृतपणे मान्य केलं. त्याला दीडशे वर्षं लागली.

जॅकने त्याच्या परीने गुरूला मान दिला होता. पण त्याच्यामागून आलेल्यांनी ते नाव सांगितलंच नाही. म्हणून पुढच्या वेळी ते काळं लेबल दिसलं की बाटलीवर नसलेलं नाव आठवा. आणि तुम्हाला काम शिकवणारा कोणी असेल, गॅरेजमधला उस्ताद असो की ऑफिसातली सीनियर ताई, तुमचं कौतुक होईल तेव्हा त्यांचं नाव तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर घ्या.