ग्रंथ वाचकाच्या दारी नेणारा राजा : महाराज सयाजीराव गायकवाड

आहार, औषध, अभय आणि ज्ञान असे दानाचे चार प्रकार जैन परंपरेने सांगितले आहेत. अन्नाने एका वेळेची भूक भागते, औषधाने एक व्याधी दूर होते. ज्ञानदानाचे फळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. याच श्रद्धेने पूर्वजांनी ठिकठिकाणी ज्ञानभांडारे उभारली आणि ताडपत्रे व पोथ्या वेष्टनांत बांधून जिवापाड जपल्या. त्या जपल्या नसत्या तर भारताच्या प्राचीन वाङ्मयाचा मोठा भाग आज उरलाच नसता. तथापि जपलेला ग्रंथ आणि वाचला गेलेला ग्रंथ यांत अंतर असते. हे अंतर ज्या राज्यकर्त्याने ओळखले आणि ते मिटविण्यासाठी राज्याची तिजोरी खुली केली, ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) होत. जैन ग्रंथांचे माहेरघर असलेले पाटण त्यांच्याच राज्यात होते, म्हणूनही त्यांचे चरित्र जैन समाजाने जाणून घेण्यासारखे आहे.

कवळाण्याचा गोपाळ

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे खेडे आहे. तेथील काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी घरात मार्च १८६३ मध्ये गोपाळचा जन्म झाला. घराणे बडोद्याच्या राजवंशाच्या दूरच्या शाखेचे, परंतु राहणी साध्या कुणब्याची होती. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि दिवंगत खंडेराव महाराजांच्या राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती दिली. त्यांनी गोपाळची निवड केली आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यात कवळाण्याचा गोपाळ सयाजीराव झाला.

त्या वेळी बारा वर्षांच्या या मुलास अक्षरओळखही जेमतेम होती. मग इलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली शिक्षण सुरू झाले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषा त्यांना शिकाव्या लागल्या. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याचा पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आला. ज्याच्या पिढीजात घरात ग्रंथ असतात त्याला ग्रंथाची किंमत कळतेच असे नाही. परंतु ज्याला बाराव्या वर्षी अक्षर भेटले, त्याला ती जन्मभर विसरता येत नाही. पुढील सत्तावन्न वर्षांच्या कारभाराचे मूळ बहुधा या अनुभवातच असावे.

शाळेनंतर काय ?

कारभार हाती येताच महाराजांनी शिक्षणाकडे लक्ष दिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी सरकारी शाळा निघाल्या. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्यात लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात हे घडण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

परंतु लवकरच एक उणीव लक्षात आली. शेतकऱ्याचा मुलगा चार-पाच इयत्ता शिकून शेतात परत जाई. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही; काही वर्षांत शिकलेले अक्षर पुसून जाई. शाळेवर झालेला खर्च मग पाण्यात गेल्यासारखाच होता. शाळेने पेरलेले टिकवायचे असेल तर गावागावात ग्रंथालय हवे, या निष्कर्षाप्रत महाराज आले.

१९०६ मधील अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. ग्रंथालय हे विद्वानांचे राखीव दालन नसून मजुरापासून गृहिणीपर्यंत सर्वांच्या हक्काची जागा असू शकते, हे त्यांना तेथे प्रत्यक्ष दिसले. १९१० मध्ये पुन्हा अमेरिकेस गेले असता त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन १९१३ पर्यंत बडोद्यात होते. तेवढ्या काळात स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे राहिले. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. हिंदुस्थानातील तो पहिला होय. खात्याचे नियतकालिकही निघाले आणि त्यात इंग्रजी, गुजराती व मराठी या तिन्ही भाषांना स्थान होते.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची पायाभरणी महाराजांनी स्वतःच्या संग्रहाने केली. राजवाड्यातील सुमारे २०,००० पुस्तके त्यांनी लोकांच्या हाती सोपविली. राजाचा खाजगी संग्रह प्रजेचा झाला आणि वाचनासाठी शुल्कही ठेवले नाही.

प्रवासी पेट्या

शहरात ग्रंथालय झाले, खेड्यांचे काय? बडोदे संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटलेले, मध्ये इंग्रजांचा व इतर संस्थानांचा मुलूख पसरलेला. अशा राज्यात प्रत्येक खेड्यातील माणूस बडोद्यास येऊन पुस्तक नेईल, ही अपेक्षाच व्यर्थ होती. तेव्हा पुस्तकालाच प्रवासाला पाठविण्याची योजना आखली गेली.

मजबूत लाकडी पेट्या तयार करण्यात आल्या. एका पेटीत साधारण पंधरा ते तीस पुस्तके असत. गावातील शिक्षक अथवा एखादा जबाबदार गृहस्थ हमी घेई आणि पेटी रेल्वेने रवाना होई. वाहतुकीचा खर्च खाते सोशी. गावाला छदामही पडत नसे. ठरलेल्या मुदतीनंतर पेटी परत येई आणि तिच्या जागी दुसरी जाई. शेतकऱ्यांसाठी निराळी, स्त्रियांसाठी निराळी, मुलांसाठी निराळी, अशी पेट्यांची निवडही वाचक पाहून केली जाई.

व्यापार करणाऱ्याला या योजनेतील शहाणपण चटकन उमजते. माल कितीही उत्तम असला तरी गोदामात पडून राहिला तर त्याचा उपयोग शून्य. तो फिरला पाहिजे, योग्य गिऱ्हाइकाच्या गावी योग्य वेळी पोहोचला पाहिजे. थोडी पुस्तके, परंतु सतत फिरती, या तत्त्वाने मोजक्या भांडवलात शेकडो गावांची गरज भागू लागली.

तीन वाटे

पेटी ही पाहुणी होती. गावाचे स्वतःचे ग्रंथालय उभे राहणे हे खरे उद्दिष्ट होते. त्यासाठी तीन वाट्यांची पद्धत ठरली. गावकऱ्यांनी वर्गणीने जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. संपूर्ण खर्च करणे दरबाराला अशक्य नव्हते. परंतु फुकट मिळालेल्या वस्तूची कदर राहत नाही. गावाने पदरचा एक रुपया घातला की पुढील दोन रुपये नीट खर्च होतात की नाही, यावर गावच लक्ष ठेवते. या पद्धतीने नगरांत व खेड्यांत शेकडो ग्रंथालये उभी राहिली.

ही चळवळ केवळ हुकमाने चालली नाही. मोतीभाई अमीन या शिक्षकाने महाराजांचे खाते निघण्यापूर्वीच मित्रमंडळांच्या द्वारे गावोगावी वाचनालये काढण्याचे काम आरंभिले होते. खात्याने त्यांना आपल्यात सामावून घेतले. गुजरातेत आजही ग्रंथालय चळवळीचे प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. चांगले काम करणारा माणूस ओळखून त्याच्या पाठीशी उभे राहणे, हा महाराजांचा मोठा गुण होता.

ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी

प्रौढ शेतकरी व मजूर बहुसंख्येने निरक्षर होते. त्यांना ग्रंथालयाचा काय लाभ, असा प्रश्न कुणीही विचारला असता. खात्याने त्याचे उत्तर चित्रांतून दिले. चित्रदर्शनाची एक शाखाच काढण्यात आली. मॅजिक लँटर्नच्या काचा, दोन डोळ्यांनी पाहावयाची उठावदार छायाचित्रे आणि पुढे चलच्चित्रे घेऊन खात्याची माणसे खेड्यांत जात. उघड्या मैदानात पडदा लागे आणि आरोग्य, शेती, देशोदेशीचे लोकजीवन असे विषय गावाला विनामूल्य पाहावयास मिळत.

मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता. मुलांसाठीही वेगळे दालन होते आणि त्यात पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले होते. खेळायला आलेले मूल पुस्तक उघडून पाहील, हा त्यामागील हेतू. जो जसा आहे त्याला तसाच स्वीकारून त्याच्या सोयीने ज्ञान पोहोचवावे, ही दृष्टी या सर्व उपक्रमांमागे होती.

ग्रंथालयांना पुस्तके पुरवायची तर लोकभाषेत पुस्तके निर्माण व्हावयास हवीत. त्यासाठी महाराजांनी १९१२ मध्ये दोन लक्ष रुपयांचा निधी वेगळा काढला. त्याच्या व्याजातून सयाजी साहित्यमालेची गुजराती व मराठी पुस्तके निघू लागली. १९३२ मध्ये कोल्हापूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, ते या सेवेला साजेसेच होते.

पाटणची भांडारे

हेमचंद्राचार्यांच्या वास्तव्याने पावन झालेल्या पाटण नगरीत शतकानुशतकांची ताडपत्रे संघांनी सांभाळली होती. आक्रमणे, दुष्काळ, आगी यांतून ती वाचली, कारण विश्वस्तांनी कुलपे कडेकोट ठेवली. परंतु आत काय आहे याची पूर्ण यादी बाहेरच्या जगाकडे नव्हती. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातील चिमणलाल डाह्याभाई दलाल यांना महाराजांनी पाटणला पाठविले. भांडाराच्या विश्वस्तांचा विश्वास संपादन करून दलालांनी एकेक पोथी तपासली आणि नोंदी केल्या. पुढे जेसलमेरच्या भांडारांचेही काम त्यांनी केले.

या शोधातूनच गायकवाड प्राच्य ग्रंथमाला जन्मास आली. १९१६ मध्ये तिचे पहिले पुष्प म्हणून राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ प्रसिद्ध झाली. अजैन कवीचा हा अमोल संस्कृत ग्रंथ पाटणच्या जैन भांडाराने जपून ठेवला होता, ही गोष्ट जैन समाजाच्या उदार ज्ञानदृष्टीची साक्ष देते. धनपालाची ‘भविसयत्तकहा’ ही अपभ्रंश कथा दलाल व पुण्याचे डॉ. पांडुरंग गुणे यांच्या संपादनाने १९२३ मध्ये याच मालेत आली. दलाल मात्र ते पाहू शकले नाहीत. १९१८ मध्येच त्यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या नोंदींवरून पंडित लालचंद्र गांधी यांनी जेसलमेर व पाटण येथील भांडारांच्या सूची सिद्ध केल्या. त्यांतील जेसलमेरची १९२३ मध्ये, तर पाटणची १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली.

एक पोथीही भांडारातून हिरावून न घेता तिच्यातील ज्ञान जगाला मिळाले. जतन आणि प्रसार यांत विरोध नाही, हे येथे सिद्ध झाले.

अपुरे राहिलेले

महाराजांच्या यशाबरोबर त्यांच्या मर्यादेचीही नोंद घेणे न्यायाचे ठरेल. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी बुद्धचरित्र लिहिले होते. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या तरुण भीमराव आंबेडकरांना ते त्यांनी भेट दिले. त्या पुस्तकाचा आपल्यावरील प्रभाव बाबासाहेबांनी पुढे स्वतः नमूद केला आहे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते अमेरिकेस गेले. करारानुसार १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीसाठी परतले, तेव्हा त्या नगरात त्यांना राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना अपमानाने बाहेर काढण्यात आले. महाराजांच्याच कारकिर्दीत उभारलेल्या सार्वजनिक उद्यानात बसून त्यांनी परतीच्या गाडीची वेळ काढली.

एका पुस्तकाने ज्याला घडविले, त्यालाच ते पुस्तक काढणाऱ्या राज्याच्या राजधानीत आसरा मिळाला नाही. दरबाराने ग्रंथ दारापर्यंत नेला. मनाचे दार उघडणे मात्र हुकमाने होत नाही. ते काम समाजाचे असते, आणि त्या वेळच्या समाजाने ते केले नाही.

वारसा

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे महाराजांचे देहावसान झाले. त्याच वर्षी पाटण येथे हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर लोकांसाठी खुले झाले आणि विखुरलेली भांडारे तेथे एका छताखाली येऊ लागली.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. स्थानिक संस्थेने ग्रंथालय चालवावे आणि शासनाने त्याचा वर्ग पाहून अनुदान द्यावे, ही आपल्याकडील रीत बडोद्याच्या वाट्यांच्या पद्धतीची आठवण करून देते. गोंदिया जिल्ह्याला तर या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. येथे मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी बोलणारी माणसे शेजारी शेजारी नांदतात. घराघरांत गुजराती आणि मारवाडीही ऐकू येते. सालेकसा-देवरीच्या वनभागातील मूल आणि गोंदियाच्या बाजारपेठेतील मूल यांना एकच पुस्तक एकाच प्रकारे देऊन चालणार नाही. मंदिराच्या, उपाश्रयाच्या आणि धर्मशाळेच्या कपाटांत नीट लावून ठेवलेली पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतील पंचवीस निवडून, एका पेटीत घालून, एखाद्या गावच्या शिक्षकाच्या हमीवर तीन महिन्यांसाठी पाठविण्यास मोठे भांडवल लागत नाही. परत आलेल्या पेटीत एखाद्या पुस्तकाचे पान दुमडलेले आढळले, तर ते नुकसान समजू नये. ज्ञानदानाच्या खात्यावर ती जमेची नोंद होय.