सात वर्षांत पालीपर्यंत पोहोचलेले धर्मानंद कोसंबी



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आम्ही एका अशा माणसाचे चरित्र थोडक्यात देत आहोत, ज्याचे नाव आपल्या घरांत ऐकलेले असते, पण ज्याने नेमके काय केले हे मुलांना सांगता येत नाही. ते नाव म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी. वस्तीतली मुले आज तक्रार करतात, की शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा एकदम कशा शिकायच्या? वर तुम्ही विहारात पाली शिका म्हणता! त्या मुलांनी आणि त्यांच्या आई-वडिलांनी हे चरित्र जरूर वाचावे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घरची भाषा कोकणी, वाचायची भाषा मराठी. प्रकृती नाजूक असल्यामुळे शाळा धड झालीच नाही. वडिलांच्या नारळाच्या बागा सांभाळायच्या, हेच काम. लहानपणीच बाळाबाईंशी लग्न झाले. म्हणजे ना पदवी, ना पैसा, ना इंग्रजी. पण वाचनाचे वेड होते. 'बालबोध' नावाच्या मराठी मासिकात भगवान बुद्धांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांचे चित्त तिथेच जडले. बुद्धाचा धम्म मुळातून समजून घ्यायचा, असा त्यांनी निश्चय केला.

निश्चय केला खरा, पण शिकवणार कोण? ज्या महाराष्ट्रात कार्ले, भाजे, अजिंठा, कान्हेरी अशी लेणी डोंगराडोंगरांत कोरली गेली, तिथे बुद्धाची भाषा शिकवणारी साधी शाळा उरली नव्हती. आपल्याच घरातली वस्तू शोधायला परदेशी जायची वेळ आली होती. १८९९ साल संपता संपता, तेवीस वर्षांचे धर्मानंद पत्नीला आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून घराबाहेर पडले.

आधी पुणे. तिथे डॉ. रा. गो. भांडारकरांचा आधार मिळाला. मग ग्वाल्हेरकडून काशी. पाली यायची तर आधी संस्कृत पक्के हवे, म्हणून काशीत त्यांनी व्याकरण घोकायला सुरुवात केली. जेवण अन्नछत्रात, राहणे मिळेल तिथे.

इथे एक गोष्ट आम्ही स्पष्टच लिहितो. काशीच्या त्या पाठशाळांचे आणि अन्नछत्रांचे दार धर्मानंदांना उघडले, कारण ते ब्राह्मण कुळात जन्मले होते. आपल्या आजा-पणजांना त्या दाराच्या सावलीलाही उभे केले नसते. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारशी घ्यावी लागली, हे आपण कसे विसरू? पण धर्मानंदांचा मोठेपणा असा, की जन्माने मिळालेली किल्ली त्यांनी कंबरेला खोचून ठेवली नाही. त्या किल्लीने त्यांनी जे उघडले, ते सर्वांसाठी उघडे ठेवले.

१९०२ साली ते बौद्ध धम्माच्या शोधात नेपाळला गेले. तिथली अवस्था पाहून निराश झाले. मग बुद्धगया, कलकत्ता असे करत त्याच वर्षी सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या चरणी बसून ते पाली शिकू लागले आणि श्रामणेर झाले. भोवती सगळे सिंहली बोलणारे, पुस्तके सिंहली लिपीत. पण सुमंगल महास्थविर संस्कृतचेही मोठे पंडित होते. काशीतले कष्ट इथे उपयोगी पडले.

तिथले अन्नपाणी मात्र मानवेना. वर्षभराने ते मद्रासला आले आणि पुढे ब्रह्मदेशात गेले. तिथे लोकांची भाषा निराळी, लिपी निराळी. त्रिपिटक मात्र तेच. १९०४ च्या सुमारास ते भारतात परतून बुद्धगया, सारनाथ, कुशीनारा ही पवित्र स्थळे हिंडले. ज्या कुशीनाऱ्यात धर्मानंद त्या वेळी राहिले, तिथल्याच चंद्रमणी महास्थविरांनी पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना धम्मदीक्षा दिली. यानंतर धर्मानंद पुन्हा ब्रह्मदेशात गेले, तिथे अध्ययन आणि ध्यानभावना केली आणि १९०६ मध्ये भारतात परत आले.

हिशेब करून बघा. १८९९ ची अखेर ते १९०६. जेमतेम सात वर्षे. तेवढ्यात संस्कृत, पाली, सिंहली आणि ब्रह्मी लिप्यांतले ग्रंथ, आणि जोडीला कामापुरते इंग्रजी. प्रवास, आजारपण, पैशाची ओढाताण चालूच. हे कसं काय जमलं?

आमच्या समजुतीप्रमाणे याची दोन कारणे आहेत. पहिले असे, की त्यांनी चार भाषांच्या मागे चार दिशांना धाव घेतली नाही. ध्येय एकच, बुद्धवचन समजून घेणे. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिलोनमध्ये ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत, थायलंडमध्ये थाई अक्षरांत, युरोपात रोमन अक्षरांत आणि आपण देवनागरीत. एकदा सूत्र ओळखीचे झाले, की नवी लिपी म्हणजे ओळखीच्या माणसाने सदरा बदलल्यासारखे आहे. तोंडवळा तोच राहतो.

दुसरे कारण असे, की एक भाषा दुसरीचा हात धरून येते. संस्कृतात धर्म, पालीत धम्म. संस्कृतात कर्म, पालीत कम्म. निर्वाणचे निब्बान, भिक्षूचा भिक्खू. आणि मराठी माणसाला तर पाली आणखी जवळची. पाली हत्थ म्हणजे आपला हात, कण्ण म्हणजे कान, सत्त म्हणजे सात, अट्ठ म्हणजे आठ, अज्ज म्हणजे आज, सप्प म्हणजे साप, भत्त म्हणजे भात. आता सांगा, संस्कृत आले नाही म्हणून पाली येणार नाही, असे कोणी म्हणावे का? आपल्या आजीच्या बोलण्यातूनच पालीला वाट जाते. ही वाट सापडली, की भाषांचा बाऊ वाटत नाही.

पण या सात वर्षांची किंमत कोणी मोजली, तेही लिहिले पाहिजे. धर्मानंद परदेशी पोथ्या वाचत होते, तेव्हा बाळाबाई गोव्यात लहान मुलीला घेऊन दिवस काढत होत्या. नवरा घर सोडून गेला, या बोलाचे दुःख बाईलाच सोसावे लागते. त्यांचे नाव ग्रंथांवर नाही. म्हणून आम्ही ते इथे आदराने घेत आहोत. परत आल्यावर धर्मानंदांनी चीवर उतरवून संसाराची जबाबदारी पुन्हा पत्करली. कलकत्त्याला नॅशनल कॉलेजात आणि पुढे विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. १९०७ साली मुलगा झाला. तोच पुढे थोर गणिती आणि इतिहासकार म्हणून गाजलेला दामोदर कोसंबी.

कलकत्त्याची नोकरी चांगली होती. पण धर्मानंदांच्या मनात महाराष्ट्र होता. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहिण्यासाठी तीन वर्षे महिना पन्नास रुपये देऊ केले. धर्मानंदांनी कलकत्त्याचा मोठा पगार सोडला आणि हे पन्नास रुपये घेतले. याच सयाजीरावांनी पुढे बाबासाहेबांना अमेरिकेला शिकायला पाठवले.

१९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. तिथे वॉरन नावाच्या विद्वानाने आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथाचे संपादन सुरू केले होते, पण १८९९ मध्ये ते वारले आणि काम अर्धवट राहिले. ब्रह्मी आणि सिंहली पोथ्या शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहणारा माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे शाळाही पुरी न केलेला साखवाळचा धर्मानंद! श्रेयावरून तिथल्या प्राध्यापकांशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले, पण काम सोडले नाही. एकंदर चार वेळा ते हार्वर्डला गेले. हार्वर्डचा तो ग्रंथ अखेर १९५० साली छापून निघाला, तेव्हा ते हयात नव्हते. देवनागरीतली आवृत्ती मात्र त्यांनी १९४० साली आपल्या हयातीतच दिली.

१९१२ ते १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे ते रशियनही शिकले आणि १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन आले, तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. नंतर मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला. मराठीतील त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ अनेक भाषांत गेला. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाशी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा संबंध त्यांनी जोडला. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण हेच दिलेले आहे.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

आता आपला विचार करू. आपल्याला पालीसाठी घर सोडायला नको, समुद्र ओलांडायला नको, बायको-मुलांना वाऱ्यावर टाकायला नको. त्रिपिटकातील ग्रंथ देवनागरीत मिळतात. बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात पालीचा शब्दकोश तयार केला, तोही छापून निघाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जा मिळाला, पण घराघरांत अर्थ समजला नाही, तर उपयोग काय? ज्याला अर्थ कळत नाही, त्याला दुसरा कोणीतरी अर्थ सांगतो, आणि तो खराच सांगेल याची खात्री नसते. आपल्या समाजाने हे हजारो वर्षे भोगले आहे.

म्हणून उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे. रोज पाच पाली शब्द, त्यांचा मराठी अर्थ, एवढेच मुलांबरोबर बसून करा. आईनेही शिकावे, आजोबांनीही शिकावे. वर्षाला दीड हजाराच्या वर शब्द होतात. सात वर्षे तर फार लांब राहिली.

आचार्य धर्मानंद कोसंबी आणि बाळाबाई यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय! जयभीम!