डॉ. विल्यम स्टोक्स

नंदिगड्ड्याच्या बाजूस कोणी वयस्क मनुष्य चालता चालता कोसळला आणि क्षणभराने उठून बसला, की पुष्कळांस प्रथम देवचार आठवतो. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांचे असेच झाले. तिसऱ्या खेपेस ते उठले नाहीत. त्यांची नाडी तोवर कोणी मोजलीच नव्हती. अशा मूर्च्छेत नाडीकडे पाहावयास ज्यांनी शिकविले, त्यांचे चरित्र म्हणूनच आम्ही येथे देत आहो.

विल्यम स्टोक्स यांचा जन्म १८०४ साली डब्लिन शहरी झाला. वडील नामांकित वैद्य. मुलाचे शिक्षण त्यांनी घरीच केले. (आमच्या विद्यार्थ्यांनी नेमकी एवढीच गोष्ट ध्यानात ठेवू नये!) १८२५ मध्ये एडिंबरा येथे वैद्यकाची पदवी मिळाली, त्याच वर्षी स्टोक्स यांनी स्टेथॉस्कोप या नव्या उपकरणावर पुस्तक लिहिले. पुढे डब्लिनच्या मीथ रुग्णालयात डॉ. ग्रेव्ह्ज यांच्यासमवेत, रोग्याच्या खाटेपाशीच विद्यार्थ्यांना शिकविण्याची पद्धत त्यांनी रुजविली.

अशी मूर्च्छा म्हणजे मेंदूचा विकार, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. १८२७ साली डब्लिनच्याच डॉ. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी ६८ वर्षांच्या एका अधिकाऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची नाडी मिनिटास अवघी ३० पडे; मूळ दोष हृदयात असावा, असे अ‍ॅडम्स यांचे मत पडले. १८४६ मध्ये स्टोक्स यांनी मंद नाडीचे आणखी रोगी वर्णून त्या मतास बळकटी आणली, आणि अ‍ॅडम्स यांचे श्रेय अ‍ॅडम्स यांस दिले. या विकाराला आज दोघांचीही नावे आहेत.

कारण मात्र पुढे उमगले. आकुंचनाची विद्युत्प्रेरणा हृदयाच्या वरच्या कप्प्यात उगम पावते व एका बारीक तंतुजुडग्यातून खालच्या कप्प्यांस पोचते. ते जुडगे विल्हेल्म हिस यांनी १८९३ साली दाखविले. ही वाट तुटली, तर खालचे कप्पे आपल्याच संथ गतीने चालू लागतात. पण ती गती सुरू होण्यास विलंब लागला, अथवा ती मध्येच थांबली, तर रक्ताचा ओघ खुंटतो. मेंदूपाशी प्राणवायूची शिल्लक नसते. काही सेकंदांतच शुद्ध हरपते. ठोका परतला की चेहऱ्यावर लाली चढते आणि मनुष्य भानावर येतो. तो न परतला, तर सारे संपते.

स्टोक्स १८७८ साली निवर्तले. त्यांचे पुत्र व्हिटली त्या वेळी हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेसदस्य होते. १९५८ साली स्टॉकहोम येथे याच विकाराच्या आर्ने लार्सन नामक रोग्याच्या शरीरात पेसमेकर बसविण्यात आला. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, दुसरे बसवावे लागले. परंतु लार्सन त्यानंतर २००१ सालापर्यंत जगले.