कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक

लोह्याजवळील माळेगांवची जत्रा आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. दिवसभर मनुष्य गर्दींत मिसळून जातो. परंतु रात्रीं बैलांजवळ घोंगडीवर पडला असतां, आपण ह्या जगांत कशासाठीं आलों, हा प्रश्न त्याच्या मनांत उठतो. त्याचें उत्तर गर्दीला देतां येत नाहीं. डेन्मार्कचे ख्रिस्ती विचारवंत सोरेन किर्केगार्ड (१८१३–१८५५) ह्यांनीं असें शिकविलें कीं, सत्य नुसतें जाणावयाचें नसून तें ज्याचें त्यानें जगावयाचें असतें. पुढें जर्मन तत्त्ववेत्ते हायडेगर ह्यांनीं १९२७ सालीं असें मांडिलें कीं, मनुष्य हा जगाबाहेर उभा असलेला प्रेक्षक नव्हे. तो प्रथमपासूनच जगांत, इतरांसोबत असतो. हा गहन विचार महाराष्ट्रांतील एका पुरुषाच्या चरित्रांत आम्हांस स्पष्ट दिसतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं कोकणांतील करजगांवीं झाला. लहानपणींच ते मातेस अंतरले. पुढें ते गांवोगांव फिरले, शास्त्रें वाचलीं, कविता केल्या. पण चित्तास समाधान लाभेना. आपणच एक नवा धर्म स्थापावा, असेंही त्यांच्या मनांत आलें होतें.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका गोऱ्या गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच त्यांचें मन तेथें जडलें. तथापि ग्रंथ आवडणें निराळें आणि त्याप्रमाणें वागणें निराळें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

ह्या निर्णयाचें मोल एकट्या टिळकांनीं दिलें नाहीं. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलासह मागें राहिल्या; कित्येक वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. त्या साध्वीचा कांहींएक अपराध नसतां तिनें अपार दुःख सोसलें, हें आम्ही झांकून ठेवूं इच्छित नाहीं. पुढें त्या पतीकडे आल्या, तरी आरंभीं आपलें सोंवळें पाळीत. हळूहळू त्यांच्या स्वतःच्याच मनाला जातिभेद खोटा वाटूं लागला, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पतीचा निर्णय पत्नीला उसना घेतां आला नाहीं. तिला तो स्वतःच करावा लागला.

टिळकांच्या ‘वनवासी फूल’ ह्या दीर्घ काव्यांत एकांत बरा कीं जग बरें, असा वाद आहे. त्यांचें स्वतःचें आयुष्य मात्र लोकांतच गेलें. अहमदनगरास त्यांनीं अध्यापन केलें, मंडळ्यांसाठीं मराठी भजनें रचिलीं आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादन केलें. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथें एकत्र यावे, हा त्यांचा हेतु होता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें. तें पुढें नेण्यासाठीं लक्ष्मीबाईंनींच लेखणी हातीं घेतली.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकीं कित्येक जण वाडवडिलांबरोबर, सबंध वस्तीसह मंडळींत आले. तो वारसा मोठाच. परंतु बापाच्या पेरणीनें मुलाचें शेत पिकत नाहीं. म्हणून उपदेशकांनींही कोणास घाई करूं नये. आपलें जीवन कशासाठीं, ह्याचें उत्तर प्रत्येकानें आपल्या घरीं, आपल्या शेतांत, शेजाऱ्यांमध्यें राहून स्वतः द्यावयाचें आहे.