हुनर हेच खरं भांडवल : सिप्लाचे संस्थापक डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद

दम्याचा पंप असो की अँटिबायोटिकची गोळी, आमच्या आंधळगावच्या आसपास कुठल्याही मेडिकलमध्ये ‘सिप्ला’ हे नाव दिसतं. ही कंपनी मुंबईत एका मुस्लिम शास्त्रज्ञाने उभी केली, हे मात्र मुलांनाच काय, त्यांच्या अम्मी-अब्बांनाही बहुधा ठाऊक नसतं. म्हणून आज मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांची ओळख करून देत आहोत.

हमीद साहेबांचा जन्म 31 ऑक्टोबर 1898 चा, अलीगढचा. रसायनशास्त्र हा त्यांचा आवडीचा विषय. असहकार चळवळीच्या काळात ते नव्याने निघालेल्या जामिया मिल्लियाशी जोडले गेले आणि तिथे शिकवूही लागले. 1924 मध्ये पुढच्या तालीमसाठी ते इंग्लंडला जायला निघाले, पण ऐनवेळी बेत बदलून जर्मनीला गेले. रंग, रसायनं आणि औषधं यांत तेव्हा जर्मनी आघाडीवर होता. जिथे नाव मोठं तिथे न जाता जिथे काम शिकायला मिळेल तिथे ते गेले. बर्लिनहून डॉक्टरेट मिळवली. तिथेच लिथुआनियाच्या ज्यू घराण्यातल्या लुबा यांच्याशी ओळख झाली आणि पुढे निकाह झाला.

1935 साली मुंबईत त्यांनी ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ ही कंपनी काढली. याच नावाच्या आद्याक्षरांतून ‘सिप्ला’ झालं. जागा बेलासिस रोडवरची, भाड्याची, महिना 350 रुपये. 1937 मध्ये औषधं बाजारात आली. समोर कोण, तर बड्या विलायती कंपन्या. पैशाच्या जोरावर त्यांच्याशी टक्कर देणं शक्यच नव्हतं. हमीद साहेबांकडे जे होतं ते डोक्यात होतं. आपली औषधांची सूत्रं त्यांनी रॉयल्टी न घेता कंपनीला देऊन टाकली. आजच्या मॅनेजमेंटच्या भाषेत सांगायचं तर मालकाचा खिसा आणि कंपनीचा गल्ला त्यांनी वेगळा ठेवला. आपल्या कितीतरी दुकानांत नेमकी इथेच गडबड होते.

4 जुलै 1939 ला गांधीजी सिप्लात येऊन गेले. त्यानंतर दोनच महिन्यांत महायुद्ध पेटलं आणि युरोपातून येणाऱ्या औषधांची टंचाई झाली. ज्यांनी फक्त माल आणून विकायचा धंदा केला होता, ते अडले. ज्यांना औषध बनवता येत होतं, त्यांचं काम वाढलं. याच काळात देशात वैज्ञानिक संशोधनासाठी सीएसआयआर ही संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीतही हमीद साहेबांचा वाटा होता.

फाळणीला त्यांचा विरोध होता. 1947 नंतरही ते मुंबईतच राहिले आणि कारखाना वाढवला. पुढे ते मुंबईचे शेरीफही झाले.

एक अडचण मात्र उरली होती. 1911 च्या इंग्रजी पेटंट कायद्यामुळे विलायती कंपनीचं नवं औषध इथे बनवता येत नसे. 1970 च्या नव्या कायद्याने पेटंट औषधावर न राहता फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर राहिलं. म्हणजे वेगळी पद्धत शोधा आणि तेच औषध बनवा. हा कायदा एप्रिल 1972 मध्ये लागू झाला. 23 जून 1972 ला हमीद साहेबांचा इंतकाल झाला. उघडलेल्या दारातून पुढची पिढी गेली. 2001 मध्ये सिप्लाने एड्सवरची तीन औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर 10,000 डॉलरच्या वर होता.

आंधळगावच्या कोशालाही आज अशीच टक्कर द्यावी लागते. हातमागाची साडी पॉवरलूमच्या भावात विकायला गेलं तर विणकर बुडणारच. त्याच्याजवळ आहे तो हात, धाग्याची पारख, अस्सल मालाची खात्री. त्याला रंगाचं शास्त्र, नवं डिझाइन आणि स्वतःच्या नावाचा शिक्का यांची जोड दिली, तर गिऱ्हाईक भाव पाडून मागणार नाही. नाहीतर कष्ट इथले आणि नफा शहरातल्या व्यापाऱ्याचा, हे चालूच राहील.

आपल्या घरांतही हेच पाहायला हवं. दहावी झाली की पोराला गल्ल्यावर बसवायचं आणि पोरीचं शिक्षण थांबवायचं, यात चार पैसे लवकर दिसतात. पण माल आणून विकणाऱ्याचा धंदा दुसऱ्याच्या हातात असतो. मुलाला किंवा मुलीला सायन्समध्ये गोडी असेल तर अजून चार वर्षं शिकू द्या. दुकान कुठे पळून जात नाही.